डाव्या कुशीवर

सावदा,
१० जानेवारी २०२५

ती. बाबांस,
मृणालीचा सप्रेम जयभीम.

वि. वि. फोनवर तुम्ही 'हं' आणि 'बरं'च्या पुढे जात नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. शेतकरी कसे राहतात, कसं काम करतात, याची आमच्या जळगावच्या कॉलेजची पाहणी सुरू झाली. चौदा पानी फॉर्म आहे. मी केळी वाहणाऱ्या टोळ्यांकडे जाते. बहुतेकांची स्वतःची एकदोन एकर कोरडवाहू जमीन आहे. एरवी ते दुसऱ्याच्या बागेतले घड खांद्यावरून ट्रकपर्यंत नेतात. तुम्हीही इथे सहा हंगाम हेच केलंत.

एक अडचण आहे. 'काही दुखतं का' या प्रश्नाला एकतीसच्या एकतीस जणांनी 'नाही' सांगितलं. टोळीतले पुनाभाऊ तर खांबाला धरून उठत होते आणि तब्येत ठणठणीत म्हणत होते. याच उत्तरांवरून त्यांच्यासाठी खांद्या-कमरेच्या तपासणीचं शिबिर ठरणार आहे. महिनाअखेर असंच राहिलं तर शिबिर रद्द, असं सर म्हणाले. मला फार वाईट वाटतंय.

आकाश अभ्यास करतो का? तुमचा लाडका लेक आहे, तुम्ही काही खरं सांगणार नाही.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.
तुमची मृणाली

सोनगीर,
१५ जानेवारी

चि. मृणालीस,
बाबांचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईने दोनदा वाचून घेतलं. चौदा पानं भरून होईपर्यंत समोरच्याला चहा तरी पाजतेस ना?

ती माणसं तुला फसवत नाहीत, मुकादमाला भितात. खांदा धरला हे एकदा कळलं की दुसऱ्या दिवशी बोलावणं येत नाही. आणि तू कागद घेऊन मुकादमाच्याच ओट्यावर बसत असशील. त्या काळी मला कुणी विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं, बठ्ठं बरं शे, सगळं ठीक आहे.

आधी जागा बदल. भाकरीच्या वेळी बांधावर जा. आणि दुखतं का असं विचारू नको, कोणत्या कुशीवर झोपता ते विचार. उजव्या खांद्यावर घड वाहणाऱ्याला त्या कुशीवर झोपता येत नाही. झोपेबद्दल खोटं बोलायचं कुणाला सुचत नाही.

आकाश अभ्यास करतो. तूर काढायला आली आहे. थंडी आहे, स्वेटर घालत जा आणि आमची आठवण ठेव.
तुझे बाबा

सावदा,
२४ जानेवारी

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम.

वि. वि. मी खरंच मुकादमाच्या ओट्यावर बसत होते. वाचून लाज वाटली.

बांधावर गेले. सत्तावीस जण डाव्या कुशीवर झोपतात. डाव्या खांद्यावर वाहणारे तिघे उजव्या. पुनाभाऊ आठ वर्षं भिंतीला टेकून, बसूनच झोपतात. एकाने सांगितल्यावर बाकीचे आपणहून बोलू लागले. नावं न घालता फॉर्म पुन्हा भरले. शिबिर मार्चमध्ये होणार, सरांनी तारीखही घेतली.

बाबा, लहानपणी आपण एका ओळीत झोपायचो. तुम्ही मधे, आकाश तुमच्या डावीकडे, मी उजवीकडे. तुमचं तोंड कायम त्याच्याकडे, माझ्याकडे पाठ. मला वाटायचं, तोच तुम्हाला जास्त आवडतो. 'तुमचा लाडका' असं मी चेष्टेने म्हणत आले, पण ती चेष्टा नव्हती. परवा सत्तावीस लिहिताना लक्षात आलं, तुम्हीही उजव्याच खांद्यावर घड वाहायचात. इतकी वर्षं मी तुमच्यावर उगाच रुसले.

रागावला नसाल तर दोन ओळी लिहा.
तुमची मृणाली

सोनगीर,
२९ जानेवारी

चि. मृणालीस,
जयभीम आणि आशीर्वाद.

हे पत्र मी आधी एकट्याने वाचलं. तू तेव्हा जागी असायचीस, हे मला कधी कळलंच नाही. पोरी, राग कसला.

खांद्याचं मी तुझ्या आईलाही कधी बोललो नव्हतो. आता सांगितलं. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं म्हणे.

एखादा कोरा फॉर्म उरला असेल तर माझाही भर. दुखतं का, तिथे 'हो' लिही. नाव घातलंस तरी चालेल, मला आता कुठल्या मुकादमाकडे जायचं नाही.

शिबिर आटोपलं की चार दिवस घरी ये. तुझं अंथरूण माझ्या डाव्या अंगाला घालतो. आकाशला सांगून ठेवलंय.
तुझे बाबा