मुळांचा पडदा

प्रिय ताई,

तुझ्या फोनवर माझं घर परवापासून काळंकुट्ट दिसतंय, हे मला ठाऊक आहे. कॅमेरा बिघडलेला नाही, वीज गेलेली नाही आणि मी ठणठणीत जिवंत आहे. खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंना सारखा फोन करून माझ्या दारावर थापा मारायला लावू नकोस. काल त्या आल्या तेव्हा मी केस धूत होते, तशीच फेसासकट दार उघडायला धावले. गोळ्या वेळेवर घेतेय, पाणीही सांगितलंय तेवढं पितेय. आता एका जागी बस आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच, मधेच फोन लावायचा नाही. शनिवारी तू आणि भाऊजी टेम्पो घेऊन मला कायमचं तुमच्या घरी न्यायला येणार आहात. त्याआधी तुला सगळं सांगायचंय, पण मी माझ्या क्रमानं सांगणार.

ऑपरेशननंतर मी घरी आले तो दिवस आठव. तुझं एक मूत्रपिंड माझ्या पोटात, आणि तू स्वतः कुशीला हात लावून एकेक पायरी चढत होतीस. वर आल्याआल्या मी गॅलरीचं दार उघडलं. तिथे काही नव्हतंच. माझ्या सगळ्या कुंड्या तू देऊन टाकल्या होत्यास, फरशी फिनेलनं पुसून लख्ख केली होतीस. मातीत बुरशी असते, तुझी प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबून ठेवलीय, डॉक्टरांनी मातीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय, असं तू एका दमात म्हणालीस आणि मला आत नेऊन झोपवलंस. डॉक्टरांचं बरोबरच होतं. तुझंही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. पण ताई, मला विचारायचं तरी होतंस. पुदिन्याची ती कुंडी मी भाड्याच्या तीन घरांतून मांडीवर घेऊन हलवली होती.

मग बरेच महिने मी बरी होत राहिले, म्हणजे सोफ्यावर बसून राहिले. शिवणयंत्राला पुन्हा हात लावला तेव्हा पहिलं काम आलं ते माशांच्या टाक्या विकणाऱ्या एका बडबड्या माणसाचं. दुकानाला पडदे हवे होते, मापं घ्यायला गेले. तिथे एका टाकीच्या कडेला पुदिन्याची काडी टाकलेली, आणि ती बहाद्दरीण खाली मुळं सोडून, वर पानं फुटून मजेत उभी! माती नावालासुद्धा नाही. मी तिथेच टेप गळ्यात अडकवून उभी राहिले. तो म्हणाला, मावशी, मासे बघायला येतात लोक, तुम्ही पुदिना काय बघताय? मला मावशी म्हणाला म्हणून पडद्याचं माप मुद्दाम दोनदा घेतलं आणि त्याला शिडी धरून उभं ठेवलं.

तुला वाटतं मी लपूनछपून, डॉक्टरांना अंधारात ठेवून हे उद्योग केले. मुळीच नाही. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं आणि एकदा सोडून तीनदा विचारलं, शेवटी त्याच कंटाळल्या. माती नाही तर नाही, पण पाणी साचू द्यायचं नाही, दर आठवड्याला बदलायचं, भांडी घासायची, हातमोजे घालायचे, आणि पान तोडलं की धुऊन, शिजवूनच खायचं. हे सगळं मी पाळते. तुला सांगितलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. आणि आपल्या घरात तुझं ‘नाही’ डॉक्टरांच्या ‘हो’पेक्षा नेहमीच जड भरतं.

माशांवाल्यानं मला त्याचा जुना हवेचा पंप दिला, दिवसभर बुडबुडे सोडणारा. खताच्या दोन बाटल्या आणल्या. त्या पाण्यात वेगवेगळ्या घालायच्या असतात. मी अतिशहाणी, वेळ वाचवायला दोन्ही एकाच वाटीत ओतल्या आणि नासलेल्या दुधासारखं सगळं फाटून तळाशी पांढरा गाळ बसला. मला तुझीच आठवण झाली. आपणही तशाच दोघी. मधे भरपूर पाणी असलं की दोघी गुणाच्या. एका वाटीत घातलं की बघायलाच नको. तुझ्या मागच्या खोलीत माझा पलंग लावून ठेवलायस, नवी चादर आणलीयस, तेव्हा हे जरा लक्षात ठेव.

दुसरी चूक त्याहून मोठी. मी काडी काचेच्या बरणीत लावली, कारण मला मुळं बघायची होती. सकाळी उठले की बघ, शिवताना मधेच उठून बघ, झोपताना दिवा लावून बघ. तळहातावरच्या फोडासारखी जपत होते. पंधरवड्यात पाणी हिरवं झालं, मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली, वास मारायला लागला. बरणी उचलून मी माशांवाल्याकडे गेले तर तो पोट धरून हसला. उजेड लागला की पाण्यात शेवाळ धरतं, मुळांना अंधार लागतो, झाका की ती, म्हणाला. मला, ताई! जन्म गेला लोकांच्या खिडक्या झाकण्यात, आणि माझ्याच बरणीला पडदा नाही! घरी आले, हॉटेलच्या खोल्यांसाठी आणलेलं उजेड अडवणारं काळं अस्तर काढलं आणि एकेका बरणीला दोरी ओढून बंद होणारी पिशवी शिवली. नवी काडी लावली आणि बघायचं नाही म्हणून कानाला खडा लावला.

आता खिडकीशी पुदिना आहे, बेझिल ही परदेशी तुळस आहे, ओवा आहे. कोथिंबीर रुसलेली आहे, पण उगवली आहे. पुदिन्याचं पहिलं पान चुरगळून हुंगलं तेव्हा मी मोठ्यानं रडले. दवाखान्यातला तो वास इतके महिने नाकातून जात नव्हता, तो त्या दिवशी गेला. तुला ते दिसलं असेल, कारण कॅमेरा नेमका त्याच भिंतीवर आहे. तुझ्या लेकीनं बसवला तेव्हा मावशी, फक्त पडलीबिडलीस तर कळावं म्हणून, असं म्हणाली होती. मी हो म्हटलं. पण तेव्हापासून मी जास्त वेळ झोपले तरी तुझा फोन, कमी झोपले तरी फोन. हातमोजे का घातलेस, त्या बरण्यांत काय आहे, ते तपकिरी गोळे कसले? मी खरं तेच सांगितलं, रोपाला आधार द्यायच्या भाजलेल्या मातीच्या गोळ्या आहेत. तुला त्यातलं फक्त ‘माती’ ऐकू आलं. भट्टीत भाजल्यात, उकळून घेतल्यात, डॉक्टरीणबाईंनी हातात घेऊन बघितल्यात, यातलं काही तू ऐकलंच नाहीस. सगळं फेक, शनिवारी येतो, म्हणालीस.

तर परवा मी उरलेल्या अस्तराचा एक छोटा पडदा शिवला. वीतभर. बाहेरून मोहरीच्या रंगाचं रेशीम लावलंय, चार चुण्या घातल्यात, वर पितळी कड्या आहेत. माझ्या हातून इतकं सुबक काम कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. तो तुझ्या कॅमेऱ्यावर टांगलाय.

आणि पत्र का लिहिलं ते आता सांगते. फोनवर तुझा आवाज भरून आला की मी हो म्हणते, म्हणून कागदावर लिहितेय. त्या दिवशी फोन ठेवण्याआधी तू म्हणालीस, ते शरीर काय तुझ्या एकटीचं आहे का? त्याचं उत्तर आज देते. हो ताई, माझ्या एकटीचंच आहे. तू दिलंस, हसत दिलंस, मी घाबरले होते तेव्हा शेजारच्या खाटेवरून मला वाकुल्या दाखवत दिलंस. तसं माझ्यासाठी कुणी काही केलेलं नाही, कुणी करणारही नाही. पण ते दिलंस, माझ्यापाशी ठेवायला दिलं नव्हतंस. ते आता माझं आहे, ते सांभाळणं माझं काम आहे आणि ते मी करतेय. मी तुमच्याकडे राहायला येणार नाही. टेम्पो रद्द कर. शनिवारी बसनं या, नुसते हात हलवत या. जाताना तुला एक काडी देईन, काळ्या पिशवीतल्या बरणीसकट. आणि रोज सकाळी, चहा झाला की, मी स्वतः पडदा सरकवून तुला तोंड दाखवीन, हात हलवीन आणि पडदा पुन्हा लावीन. दोरी माझ्या उंचीला बांधली आहे.

तुझीच, पण पोटातल्या सगळ्यासकट आधी माझी,
बुटकी