टाकीजवळच्या शेवंतीबाबत शेवटची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हवामान कार्यालयातून निवृत्त झालेली नोंद-कारकून, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डावा गुडघा नाही, पण कायद्याला गुडघ्याशी कर्तव्य नाही. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. कलम दोन वाचल्यावर त्यांनी माझे ब्लडप्रेशर पुन्हा एकदा मोजले, तेही नीट निघाले.

या कागदाला दोन साक्षीदार लागतात. पहिले डॉक्टर. दुसरा साक्षीदार मी ठरवला आहे आणि त्याच्याऐवजी कोणी चालणार नाही. ती सही मिळाली नाही तर हा कागद रद्दी समजावा, मग थोरल्या मुलाने बागेत खुशाल फरशी घालावी. तो फरशांचा व्यापारी आहे. गेल्या वर्षीच टेप लावून त्याने बागेचे माप काढून ठेवले आहे.

कलम १. बागेची परिस्थिती. पश्चिमेच्या भिंतीलगत दिवसाला सात तास ऊन. माती भुरभुरीत, फूटभर खड्ड्यात ओतलेली बादली चार मिनिटांत जिरते. पाण्याच्या टाकीजवळ दोन तास ऊन, माती चिकण, तीच बादली जिरायला दुपार होते. कुंपणाच्या कडेला सकाळचे ऊन, पाणी ना पळते ना साचते. हे आकडे बत्तीस वर्षांच्या वह्यांत आहेत. जागा बघून झाड निवडावे. झाड आवडले म्हणून लावायचे आणि मग जागेला नावे ठेवायची, हे नाचता येईना अंगण वाकडे.

कलम २. वारस. याच नियमाने मी वारस पारखले. मागच्या उन्हाळ्यात दोन्ही मुलांना एकेक दिवस बागेत खुर्चीवर बसवून दर तासाला नोंद घेतली. थोरला भिंतीशी बारा ते चार बसला, फोनवर सौदे करत, पाणी दोनदाच मागून. "आई, लोक बघतायत," एवढीच त्याची तक्रार. हा सदाफुलीच्या जातीचा, बहुवर्षायू, उन्हाला न हटणारा, दुर्लक्ष केले तर जास्तच फोफावणारा. त्याला पश्चिमेची खोली आणि गच्ची. धाकट्या मुलीने त्याच जागी पाऊण तासात मान टाकली. टाकीजवळ हलवताच तरारली. ही तेरड्याची, हंगामी. वर्षातून एकदा येते, आठ दिवस घर भरून टाकते आणि जाताना केसांच्या पिना चहूकडे उधळून जाते. त्या मला पुढच्या वर्षीपर्यंत सापडतात. तिला उत्तरेची खोली आणि बँकेतली शिल्लक, मात्र थोडीथोडी, दरमहा. जावईबापूंना खुर्चीवर बसवण्याची गरज पडली नाही. त्यांच्या हातात काय टिकते हे सगळे जाणून आहेत.

कलम ३. पत्र्याच्या पाट्या. माझे यजमान दुकानांचे बोर्ड रंगवायचे. त्यांनी बागेसाठी 'हंगामी' आणि 'बहुवर्षायू' अशा पाट्या रंगवल्या. अक्षर असे की बघत राहावे. पण लावताना त्यांनी झाड पाहिले नाही, पाटी कुठे शोभते ते पाहिले. टाकीजवळच्या शेवंतीला 'हंगामी' आली आणि झेंडूला 'बहुवर्षायू'. मी पडले कारकून. लिहिलेले ते खरे, असे मी तीस वर्षे पगार घेऊन मानले. म्हणून बहर संपला की शेवंती मुळासकट उपटून कुंपणाशी टाकायचे, आणि झेंडूच्या वाळक्या काड्यांना वर्ष वर्ष पाणी घालायचे. यजमानांना सहा वर्षांमागे निरोप दिला तोवर दोघांच्याही लक्षात काही आले नाही, माझ्या तर गेल्या महिन्यापर्यंत. पाट्या थोरल्याने जपाव्यात, पण कोणत्याही झाडाला लावू नयेत.

कलम ४. जुने भांडण. कुंपणापलीकडे माझी धाकटी जाऊ राहते. एकोणीस वर्षांपूर्वी मी टाकलेली शेवंती तिच्या वाफ्यात फुललेली दिसली. मी म्हटले, "चोरी केली तर निदान फूल तरी लपवायचं." ती म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही टाकलंत, मी उचललं. याला चोरी म्हणायचं तर कचऱ्याची गाडी तुरुंगात हवी." त्याच दिवशी मी तिच्याशी बोलणे बंद केले. यजमान गेले तेव्हा ती आली, चार दिवस सगळ्यांचा स्वयंपाक केला, आणि मीठ कमी आहे हे मी तिला डॉक्टरांमार्फत कळवले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

या सगळ्या वर्षांत टाकीजवळ दर वेळी नवी शेवंती येत राहिली. वहीत मी एकोणीस वेळा 'आपोआप उगवली' असे लिहिले आहे. गेल्या महिन्यात गुडघ्यामुळे झोप लागेना, म्हणून सकाळी साडेसहाला खिडकीशी बसले होते. कुंपणाची एक फळी सरकली. जाऊ अंग तिरके करून आत आली, खुरप्याने टाकीजवळ शेवंतीचे फुटवे लावले, माती दाबली, माझ्याच झारीने पाणी घातले, झारी होती तशी ठेवली आणि फळी लावून गेली. तिचे वय एकाहत्तर. आयुष्यभर मी आभाळाची नोंद ठेवली आणि माझ्या परसात काय चालले आहे ते मला ठाऊक नव्हते. मला फार वाईट वाटले. त्या दिवसाचे पान कोरे आहे.

कलम ५. बाग. बाग, झारी आणि कार्यालयाने मोडीत काढलेला माझा पर्जन्यमापक जावेलाच लिहून द्यायचे ठरवले होते. वकील म्हणाले, "आजी, ज्यांना काही मिळतं त्यांची साक्षीदार म्हणून सही घेऊ नये. एकतर बाग द्या, नाहीतर सही घ्या." मी दोन दिवस विचार केला. बाग दिली तर कागद तिला मी गेल्यावर मिळेल. साक्षीदाराला मात्र माझ्यासमोर, याच टेबलाशी बसून, मी सही करताना बघावे लागते. सबब धाकट्या जावेला मी काहीही देत नाही. बाग, झारी आणि पर्जन्यमापक दोन्ही मुलांना सामाईक. फरशी घालू नये, ती फळी कधी ठोकू नये. शेवंती उपटू नये, ती टाकीजवळ आहे तिथेच कायम ठेवावी.

शेवंतीच्या पाटीमागे खडूने लिहून कालच फळीशी निरोप ठेवला आहे: उद्या साडेदहा, सहीसाठी, चष्मा आणावा.

स्थळ: स्वयंपाकघर, टेबल खिडकीकडे ओढलेले.
दिनांक: ११ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटे.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: डॉक्टर. ब्लडप्रेशर तिसऱ्यांदा मोजले. वाढलेले आहे, पण ते दारावर थाप पडल्यामुळे.

साक्षीदार २: धाकटी जाऊ. मी सही करणार नव्हते, कारण कलम पाच चुकलंय. टाकीजवळ पाणी साचतं, तिथे शेवंतीची मुळं कुजतात. जाऊबाईंनी उपटली नसती तरी ती तिथे टिकली नसती. कुंपणाच्या कडेला लावा. एकोणीस वर्षं हे सांगायचं राहिलं होतं. दुरुस्त करून घेतलं, मग सही केली.

दुरुस्ती: कलम ५ मध्ये 'टाकीजवळ आहे तिथेच' खोडून 'कुंपणाच्या कडेला' असे वाचावे. दुरुस्तीवर दोघींच्या सह्या. साक्षीदार क्रमांक दोन दुपारी एकपर्यंत बसून होती, अशी नोंद वहीत घेतली आहे.