मचव्यावरचं बाळंतपण

आई, सासूला आई म्हणायची सवय मला मचव्यावर लागली. भाईंदरच्या मिठागरांतलं मीठ मुंबईला पोचवणारा आपला मचवा, तुमचा मुलगा त्याचा तांडेल, आणि पावसाळा सोडला तर आपला सगळा संसार मागच्या फळ्यांवर. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, बाजार तर किनाऱ्यावर राहिला, इथे कसली आलीय काटकसर. पण तुम्ही तांदूळ, लाकडं, पाणी असं राखून वापरायचात, जणू वारा पडणारच आहे. एकदा उत्तनसमोर तो खरंच पडला. शीड लोंबतंय, मी पिंपातलं पाणी घेऊन केस धुतेय आणि तुम्ही माझ्या हातातला तांब्या काढून घेताय. "दर्या भरलेला हाय, तरी गोडं पानी नासतेस? उद्या वारा न्हाय आला तर खलाशांना काय पाजू?" सगळ्यांसमोर बोललात. मी दिवसभर जेवले नाही. संध्याकाळी तुम्ही तुमच्या वाटणीचं पाणी माझ्यापुढे ठेवलंत. "तोंड धू. खारानं ओढत असंल."

मग लढाई सुरू झाली, तांदूळ मिळेनासा झाला, आणि नेमके तेव्हाच मला दिवस गेले. तुम्ही चहा सोडलात. मला वाटलं, पित्त झालं असेल. पण दर खेपेला मुंबईच्या धक्क्यावर उतरलात की तुम्ही पदराआड काहीतरी घेऊन यायचात, कधी मूठभर डिंक, कधी खोबऱ्याची वाटी, कधी गुळाचा खडा. ते सगळं एका बरणीत, तोंडाला फडकं बांधून, तुमच्या उशाशी. तुमचा मुलगा म्हणाला, "आये, आधी शिडाला कापड घेऊ, फाटलंय." तुम्ही म्हणालात, "शीड शिवता येतं."

घोडबंदरला भरतीची वाट बघत थांबलो होतो, तिथे दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. सुईण आणायला वेळ नव्हता, सगळं तुम्हीच केलंत. मुलगी झाली. रडली नाही. तुम्ही तिला उलटी धरलीत, पाठ चोळलीत, तोंडात फुंकर घातलीत, आणि मग कितीतरी वेळ तिला नुसती मांडीवर घेऊन बसलात. तुमचा मुलगा तिला खाडीकाठी पुरून आला आणि आपल्याकडे पाठ करून बसला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चुलीवर डिंक तळायला घेतलात. वास आला तशी मी विचारलं, "आता हे कुणासाठी?" तुम्ही मागे वळून बघितलं नाहीत. "तुजसाठी. बाळंतीन तू हायस." लाडू वळलात, माझ्या हातात ठेवलात, मी संपवेपर्यंत समोर बसून राहिलात.

पुढच्याच पावसाळ्यात तापाने तुम्ही गेलात. नंतर मला मुलं झाली, सगळी जमिनीवर, पण ती तुम्ही पाहिली नाहीत. हे पत्र कुठे पाठवणार, घडी करून ठेवून देईन. एवढंच लिहायला बसले होते. मी रडत होते म्हणून तुम्हाला वाटलं असेल, सून बळेच खातेय. मला तो लाडू गोड लागला, आई. अजून एक हवा होता. मागायची लाज वाटली.