थंड देशातून आलेली भट्टी

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. (साष्टांग घालणार होते, पण बेकरीची फरशी इतकी तापलीय की उठले असते ती फोड घेऊनच.) तुझी तब्येत, वहिनींची पाठ, तिकडचा बर्फ, सगळं ठीक असेलच. सासूबाईंनी आशीर्वाद कळवलाय. खरं तर त्यांनी बरंच काही कळवायला सांगितलं होतं, त्यातला आशीर्वाद तेवढा लिहिण्याजोगा निघाला.

तुझ्या संस्थेनं पाठवलेली बिनधुराची भट्टी पोचली, बसली आणि चालूही झाली. उपकार मानावेत तेवढे थोडे. डॉक्टरांनी यांना बजावलं होतं, लाकडाची भट्टी आणि फुप्फुसं, दोन्हींपैकी एकच काय ते ठेवा. बेकरी बंद केली तर खायचं काय, आणि चालू ठेवली तर हे किती दिवस पुरणार, अशा कात्रीत सापडले म्हणून तर मी मान खाली घालून तुला लिहिलं. तू धावून आलास. (म्हणजे तू आला नाहीस. भट्टी आली.)

भट्टीबरोबर एक तज्ज्ञ आले. त्यांचं नाव आमच्या कोणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून सासूबाईंनी त्यांचं 'स्वेटरवाले साहेब' असं बारसं केलं. (स्वेटर त्यांनी आल्या आल्या काढला, नाव मात्र चिकटलं.) पहिला अख्खा दिवस त्यांनी पृथ्वी तापते आहे हे समजावण्यात घालवला. पत्र्याच्या छपराखाली, पंखा वीज खातो म्हणून तो बंद ठेवून, आम्ही ते ऐकलं. इतकं पटणारं शिक्षण मला शाळेतही मिळालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बटणं दाखवली. आत काय आहे असं यांनी विचारलं, तर ते कंपनीचं गुपित निघालं. झाकण उघडायचं नाही, बिघडली तर तिकडे कळवायचं. म्हणजे तंत्रज्ञान आम्हाला दिलं, किल्ली तेवढी स्वतःकडे ठेवली.

आता भट्टीचा सर्वांत मोठा गुण सांगते. ती उष्णता वाया घालवत नाही. पाव भाजून उरलेली सगळी गरम हवा ती पाठीमागच्या नळीतून खोलीत सोडते, म्हणजे खोली गरम करायला वेगळा हीटर नको. हे सांगताना साहेबांचे डोळे भरून आले होते (किंवा घाम गेला असेल). आमच्या सगळ्या खानदानात हीटर पाहिलेला माणूस म्हणजे तू एकटा, हे पाहुण्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? मी अदबीनं विचारलं, नळी खिडकीबाहेर काढली तर चालेल का? त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच अपराध्यासारखं झालं. मग खोली गरम करण्यातली बचत कशी मोजायची, म्हणाले. ती आमची शंभर टक्के निघाली, कारण मुळात खर्चच नव्हता. (असाच हिशेब धरला तर न घेतलेल्या विमानापायी मी केवढी श्रीमंत झाले असेन.) तुमच्याकडून अभिनंदनाचं पत्र आलं. कागद जाड आहे. सासूबाई त्यानं वारा घेतात.

भट्टी सुरू झाल्यापासून पीठ मळून झाकेपर्यंत फुगून परातीबाहेर येतं आणि पाव आंबट होतात. गिऱ्हाइकं उंबऱ्याबाहेरूनच हात पुढे करतात. आत येतात ते फक्त पलीकडच्या गल्लीतले पेन्शनर, गुडघे शेकायला. तासभर बसतात, एक पाव घेत नाहीत आणि जाताना भट्टीची तारीफ करतात. शेवटी आम्ही दोन कूलर आणले. भट्टी जेवढी वीज वाचवते असं साहेब सांगतात, तेवढी कूलर इमानेइतबारे खातात. मग गेल्या आठवड्यात हे उठले आणि जुनी भट्टी पेटवली. पाव सुरेख आले. खोकलाही आला. दादा, तो भिंतीपलीकडून ऐकताना मला तुझा, त्या साहेबांचा आणि अख्ख्या पृथ्वीचाच राग आला. नवी भट्टी मला नको आहे असं समजू नकोस. तुमच्यापेक्षा मला ती जास्त हवी आहे. तुमचा प्रश्न बर्फाचा आहे, माझा नवऱ्याचा.

तेव्हा तुम्ही मोठ्या माणसांनी एखादी सभा घेऊन, चहापाणी करून, नळीचा सवडीनं विचार करावा, एवढीच विनंती. वहिनींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. सवडीचं मनावर घेऊ नकोस. नळी मी परवाच खिडकीबाहेर काढली. कोपऱ्यावरच्या पत्रेवाल्याकडून वाकडा तुकडा करून घेतला, झालं. जुनी भट्टी थंड आहे. आज सकाळी हे पीठ मळताना गुणगुणत होते. सूर काही खास नव्हता, पण गाणं शेवटपर्यंत गेलं, मध्ये एकदाही खोकला नाही. मी आत जाऊन थोडी रडले.

आणखी एक ता. क. खरं काम हे. स्वेटरवाले साहेब तपासणीला येणार आहेत, पण कधी ते सांगत नाहीत. तुला ऑफिसात कळेलच. ते निघाले की लगेच फोन कर, म्हणजे नळी पुन्हा आत वळवून खोली नीट तापवून ठेवता येईल. यांना तेवढा वेळ त्यांच्या बहिणीकडे पाठवीन. मी आणि सासूबाई साहेबांसमोर हसतमुखानं घाम गाळू. फोन विसरू नकोस. तुमच्याकडून इकडे एवढी एक गोष्ट तरी उपयोगाची पोचू दे.