एमलिन परत गेला तेव्हा

ॲबरिस्टविथ,
१४ मार्च २०१९

तीर्थरूप इथेल भाऊजींना मेरेरिदचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून दुःख सांगता येत नाही, म्हणून पत्र. अंत्यविधी आटोपताच तुम्ही मेंढ्यांच्या काळजीने निघालात, त्यामुळे बरंच सांगायचं राहिलं.

चॅपल भरलं होतं ते तुम्ही पाहिलंतच. पण नंतर चहाच्या वेळी कितीतरी अनोळखी माणसं माझा हात धरून गेली. एमलिनला कसे ओळखता असं विचारलं की नुसती हसायची. एक जाडजूड बस ड्रायव्हर मात्र म्हणाला, की मी घराबाहेर पडायचंच सोडलं होतं, तेव्हा तुमचे यजमान दाराशी यायचे. आधी उंबऱ्यापर्यंत नेलं, मग फाटकापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. एवढं बोलून त्याने ‘बारा ब्रिथ’ या मनुकांच्या केकचे दोन मोठे तुकडे रुमालात बांधून घेतले. एमलिनने घरात त्याचं नावही कधी काढलं नव्हतं. मानसोपचार करणाऱ्याच्या बायकोला नवऱ्याच्या दिवसातलं काही कळत नाही. कळते ती त्याची कुत्री नेल आणि त्याचं गाणं.

जगाची मनं वळवणाऱ्या माणसाला स्वतःची नेल कधी वळवता आली नाही. कुत्र्यांनी मेंढ्या वळवायच्या स्पर्धेत मेंढ्या एकीकडे, नेल दुसरीकडे, आणि हा मधे उभा राहून हसतोय. गाण्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. खर्जात गायचा आणि सूर सोडून गायचा. कॉयरच्या मास्तरांनी कितीदा विनवलं, की एमलिन, तू नुसतं तोंड हलव. तो म्हणायचा, की आठवडाभर मी तोंड मिटून ऐकतो, मंगळवारच्या तालमीत तरी गाऊ द्या. अंत्यविधीच्या दिवशी त्याच्यासाठी सगळे पहिल्यांदाच सुरात गायले, आणि तेच मला सहन झालं नाही.

खरी काळजी लाउरीची आहे. पोरगी बापाच्याच वाटेने गेली. कार्डिफच्या इस्पितळात लागून वर्षही झालेलं नाही. घाईने कामावर परतली आणि एका बाईची कहाणी ऐकता ऐकता तिच्यासमोरच हुंदके देऊन रडली. उलट त्या बाईनेच तिला पाणी दिलं. त्यानंतर ती बाई आलीच नाही. लाउरीने राजीनामा लिहून ठेवला आहे. म्हणते, डोंगर कोसळला तरी बाबांची पापणी हलत नसे, मला ते जमायचं नाही. मी काय सांगू? मलाही तो तसाच माहीत आहे. काही सुचलं तर कळवा.

आपल्या मायेचा हात डोक्यावर राहू द्या.

आपली,
मेरेरिद


टी-ग्विन, रुथिनजवळ,
२० मार्च २०१९

प्रिय मेरेरिद हिस इथेलचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पापणीचं वाचून मला हसू आलं. एक गोष्ट एमलिनने मला कधी कुणाला सांगू दिली नाही. आता तो नाही आणि त्याच्या मुलीला ती हवी आहे, तेव्हा सांगतो.

तुमची गाठ पडायच्या आधी, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, तो लिव्हरपूलहून पळून घरी आला होता. गोदीतला एक म्हातारा कामगार दर आठवड्याला त्याच्यासमोर येऊन बसायचा आणि तासभर एक अक्षर बोलायचा नाही. आपला पठ्ठ्या एक दिवस भडकला. टेबलावर हात आपटून ओरडला, की बोलायचं नसेल तर येता कशाला. म्हाताऱ्याने टोपी उचलली आणि गेला. याने संध्याकाळची गाडी पकडली.

मला म्हणाला, दादा, मी आपला मेंढ्यांमधेच बरा. गोठ्यात राब राब राबला. धड जेवेना, हसेना. आईने माझ्याकडून काय ते काढून घेतलं. मग एका सकाळी त्याच्या ताटलीत अंडं वाढता वाढता म्हणाली, की ओरडलास ते ओरडलास, पण त्या माणसाची माफी मागायला कोण जाणार, मी? माझे तर गुडघे दुखतात.

एमलिन गेला तो नोकरीसाठी नाही, माफीसाठी. म्हाताऱ्याच्या घरी जाऊन दार ठोठावलं. म्हातारा म्हणाला, की बायको गेल्यापासून माझ्यावर कुणी ओरडलंच नव्हतं. मग तो जो बोलायला लागला, तो दिवस मावळेपर्यंत. एमलिन त्या कामात राहिला तो राहिलाच. पण मला बजावलं होतं, की ओरडल्यामुळे जमलं असं समजू नकोस दादा, परत गेलो म्हणून जमलं.

लाउरीला हे तू सांगू नकोस, मी सांगेन. कोकरं व्हायचे दिवस आहेत, माझे हात पुरत नाहीत. पाठवून दे तिला. नुसतं बसून रडायला माझ्याकडे खुर्ची नाही, हेही सांग.

स्वतःला जप, आणि या म्हाताऱ्यावर जीव असू दे.

तुझा,
इथेल


ॲबरिस्टविथ,
१० एप्रिल २०१९

तीर्थरूप भाऊजींना सा. न. वि. वि.

इतकी वर्षं एका छपराखाली काढली आणि ही गोष्ट मला दिराकडून कळावी? एमलिनच्या फोटोपुढे उभी राहून त्याला चांगलं सुनावलं. मग आठवलं, की आमचं भांडण झालं की तो नेलला घेऊन तरातरा बाहेर जायचा आणि पावसात भिजून परत आला की आधी माफी मागायचा, चूक माझी असली तरी. मला वाटायचं, हे त्याच्या विद्येतलं काहीतरी असेल. ती तर सासूबाईंची शिकवण निघाली.

लाउरी तुमच्याकडून आली ती हातांवर ओरखडे आणि अंगाला मेंढ्यांचा वास घेऊन. अडलेलं एक कोकरू तिने स्वतःच्या हाताने सोडवलं म्हणे. राजीनाम्याचं मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. सोमवारी कार्डिफला गेली. आता वाट पाहायची.

तुमचं प्रेम आहे म्हणून दिवस जाताहेत.

आपली,
मेरेरिद


कार्डिफ,
३ मे २०१९

ती. इथेलकाकांना लाउरीचा सा. न. वि. वि.

आई म्हणते, तुम्ही पोस्टमनवर चिडता. तो बिचारा काय करील, मीच लिहिलं नव्हतं. आधी काय ते घडू द्यावं, मग लिहावं, असं ठरवलं होतं.

आल्या आल्या आमच्या वरिष्ठ बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, की वडील गेल्यावर तू लगेच कामावर आलीस आणि मी येऊ दिलं, तेव्हा निम्मी चूक माझी. काम कमी करून दिलं आणि दर शुक्रवारी त्यांच्यापाशी बसून मन मोकळं करायला सांगितलं. बाबांसारखं कुणाच्या घरी जाऊन दार ठोठावायची मला परवानगी नाही. म्हणून चिठ्ठी पाठवली, की तो तास तुमचा होता, तो मी घेतला, क्षमा करा. हवं तर दुसऱ्या कुणाकडे तुमची सोय करते, नाहीतर दर गुरुवारी मी त्याच वेळेला इथे आहे.

पहिल्या गुरुवारी कुणी आलं नाही. मी त्या खोलीत तासभर बसून राहिले. दुसऱ्या गुरुवारीही तेच. काका, मला फार भीती वाटली. त्या म्हाताऱ्याचं दार उघडेपर्यंत बाबाही असेच घाबरून पायरीवर उभे असतील, असं मनात आलं आणि मी बसून राहू शकले. आजवर मी त्यांच्याकडे कड्याकडे खालून बघावं तशी बघत आले. आता ते जवळ आलेत, आणि जवळून अधिक मोठे वाटतात.

काल त्या बाई आल्या. कोट न काढताच बसल्या. आधी मलाच विचारलं, की वेळेवर जेवता ना. मी हो म्हटलं. मग त्यांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

पुढचं त्या खोलीतलं, ते तुम्हालाही सांगता यायचं नाही.

लोभ आहेच, तो असाच वाढू द्या.

तुमची,
लाउरी