मिरेयच्या वडिलांचा प्रश्न

प्रिय इवन,

शनिवारी सडबरीत, आपण वाजवायचो त्याच बारमध्ये, मिरेयच्या आठवणीत कार्यक्रम झाला. गावातले सगळे बँड आले होते. आपली गाणी मी एकटीनेच म्हटली, मिरेयच्या ड्रमशिवाय.

तिचे वडील खाणीतून थेट आले. ती होती तेव्हा एकदाही न फिरकलेला माणूस! मला म्हणाले, "तळघरात तिची बडवाबडवी चालायची आणि मी वरून ओरडायचो, बंद कर गं ते! आता घर खायला उठतं."

अपघाताच्या वेळी व्हॅन तू चालवत होतास, याबद्दल त्यांनी एक शब्दही काढला नाही. एवढंच विचारलं, "पोरी, बर्फावर गाडी घसरली तेव्हा ती झोपेत होती ना?"

"हो काका, गाढ झोपेत. तिला काही कळलंच नाही."

ते रडले, मग माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

इवन, ती जागी होती. व्हॅनच्या चेपलेल्या पत्र्यात अडकून, माझा हात धरून, बराच वेळ बाबांना हाका मारत होती. तू बेशुद्ध होतास. शुद्धीवर आलास तेव्हा तुलाही मी झोपेचंच सांगितलं. म्हणून हे पत्र तुला कधी पाठवणार नाही.

तुझी,
जोसलिन