पाद्रीबाबांची लेसची बाही

लाडक्या लोतोमाऊ मावशीला,

सावाई बेटावरून फुआतिनोची खूप खूप आठवण. ऑकलंडच्या थंडीत तुझा गुडघा कसा आहे? आईचा हात अजून गळ्यात बांधलेलाय (नीरफणसाच्या झाडावरून पडली, का चढली होती ते सांगत नाही). त्यामुळे यंदा पांढऱ्या रविवारचं शिवण माझ्या गळ्यात. आई म्हणाली, "शाळा सोडून घरीच बसलीयस ना, मग मशीनवर बस."

जुळ्या बहिणींचे झगे तू पाठवलेल्या जुन्या चादरीत निघाले (निळी फुलं आतून घेतली, पण त्या वाकल्या की फुलं दिसतात). घोडं अडलं धाकट्या वाइतोआच्या शर्टापाशी. मुलांच्या या रविवारी अंगावर पांढरं नसेल तर चर्चमध्ये पुढे उभं करत नाहीत, आणि या सात वर्षांच्या दिवट्याने गावातलं सगळ्यात लांब पाठांतर घेतलेलं. दोन महिने डुकरांना म्हणून दाखवत होता. डुकरं आता त्याला बघून पळतात.

मग पाद्रीणबाईंनी बोलावलं. "बाबांचे जुने कपडे आहेत, काप हवे तसे," म्हणाल्या. वर एक इस्त्रीचा पांढरा कोट ठेवला आणि आणखी काहीतरी बोलल्या. (मोठ्या माणसांसमोर मी चटईकडे बघत बसते आणि माझे कान बंद होतात, तुला माहितीय.) "समजलं ना?" "हो."

कापड काय झकास होतं गं! एका बाहीत वाइतोआचा अख्खा शर्ट बसला (पाद्रीबाबांचे दंड तू बघितलेयस). शनिवारी दुपारी रस्त्यावरून पाद्रीणबाईंची हाक आली, "फुआतिनो, बाबांच्या कोटाला बटण लावलंस का गं? उद्या तोच घालायचाय!" मी म्हटलं, हो. खोटं नव्हतं. लावलं होतं, वाइतोआच्या शर्टाला.

शर्ट उसवावा तर पोरगं घरी, न उसवावा तर पाद्रीबाबा एका बाहीचे. आणि वाइतोआ शर्ट अंगातून काढायलाच तयार नाही, चावतो. शेवटी आजीचा लेसचा परकर कापला, त्याची बाही केली, कोट घडी घालून पोचवला आणि पळाले.

रविवारी वाइतोआ पाठांतर म्हणत असताना बाबांनी आशीर्वादाला हात वर केला. लेस पार काखेपर्यंत लोंबली. वाइतोआ मधेच थांबला. बाबांनी बाही बघितली, मग वाइतोआच्या गळ्याशी आपल्याच कापलेल्या बाहीची तीन बटणं बघितली. बाबा म्हणाले, "चालू दे रे." आणि त्याने न अडखळता शेवटपर्यंत म्हटलं! आई एका हाताने रडली. मग रीतीप्रमाणे मोठ्यांनी मुलांना वाढलं, तेव्हा बाबांची बाही नारळाच्या दुधात बुडत होती.

सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझी,
फुआतिनो

ता. क. बाहेर पाद्रीणबाईंनी विचारलं, "ही बाही कुठली गं?" माझ्या तोंडून निघालं, "मावशीची फॅशन." आता गायकवृंदातले चार जण म्हणतात आम्हालाही हवी. लेस पाठव.

ता. क. २. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलंय: पाद्रीणबाई तुला फोन करतील, तेव्हा न्यूझीलंडमध्ये सगळे पाद्री अशीच एक बाही घालतात असं सांग.

ता. क. ३. पत्र पोचायला तीन आठवडे लागतात आणि त्या उद्याच फोन करणार आहेत, हे आत्ता लक्षात आलं. तू काय सांगितलंस ते लगेच कळव.